टायटन पाणबुडीतली पाच माणसं गेली तेव्हा लोक इतके का हसले?

जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला गेलेली टायटन पाणबुडी खोल समुद्रात फुटली, पाच माणसं गेली, आणि जगभर विनोदांचा पूर आला. तो का आला, असं तुम्ही विचारलंय. तेव्हा तुम्हीही चार-दोन विनोद पुढे पाठवले होते, आणि ते आता टोचतं, असंही लिहिलंय. माझं आयुष्य बडोद्यात प्रेशर व्हेसल, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाक्या, तपासण्यात गेलं. आधी मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये, नंतर बाहेरून तपासणीला जाणारा माणूस म्हणून. त्यामुळे मला जे दिसलं ते त्या कामाच्या डोळ्यांनी दिसलं, आणि तसंच सांगतो.

आमच्या घरच्या ग्रुपवर पहिला विनोद माझ्या भाच्याने टाकला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा, इथेच एम. एस. युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलला. पाणबुडी व्हिडिओ गेमच्या रिमोटसारख्या कंट्रोलरवर चालवत, त्याचा फोटो आणि खाली एक ओळ. पाठोपाठ त्याच्या मावशीचा हसरा चेहरा, कुणाचं ‘पैसा जास्त झाला की असं होतं’. दोघं प्रवासी मूळचे पाकिस्तानी होते, त्यावरूनही एकाने लिहिलं. आणि मी लिहिलं, ‘तपासणी न करता खाली नेली, दुसरं काय होणार होतं?’ माझ्या वाक्यात विनोद नव्हता, म्हणून ते कुणाला खटकलं नाही. पण तेव्हा ती माणसं जिवंत आहेत की नाहीत हे जगाला माहीत नव्हतं, आणि मी माझं शहाणपण दाखवून मोकळा झालो होतो. त्या सगळ्यांत माझा मेसेज जास्त निर्दय होता असं मला आज वाटतं.

तो आठवडा आठवून बघा. रविवारी, १८ जूनला, पाणबुडी पाण्यात उतरली आणि पावणेदोन तासांत तिचा संपर्क तुटला. आत ९६ तासांचा ऑक्सिजन आहे असं सांगितलं गेलं आणि टीव्हीवर उलटी घड्याळं लागली. मधेच समुद्रातून ठोकल्यासारखे आवाज येताहेत अशी बातमी आली, म्हणजे आशा होती. गुरुवारी, २२ जूनला, टायटॅनिकच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुमारे पाचशे मीटरवर तिचे तुकडे सापडले. ते जाहीर झालं तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती. म्हणजे चार दिवस लोक ज्यांच्यावर हसत होते ती माणसं, त्यांच्या समजुतीप्रमाणे, अंधारात थंडीत श्वास मोजत बसलेली होती. मला आजही सगळ्यात जड जातं ते हेच.

हसण्यामागे रागही होता, आणि तो राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. एका तिकिटाचे अडीच लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे दोन कोटी रुपये. चारच दिवस आधी, १४ जूनला, ग्रीसच्या पायलोसजवळ एक मासेमारी बोट बुडाली होती. तिच्यावर सुमारे साडेसातशे माणसं होती, पाकिस्तान, इजिप्त, सीरियातली. वाचली १०४. मृतदेह मिळाले ८२. बाकीच्यांना समुद्राने ठेवून घेतलं. त्या बोटीसाठी कुठल्याही वाहिनीवर घड्याळ लागलं नाही, आणि पाच जणांसाठी विमानं, जहाजं, खोल पाण्यातले रोबॉट असं सगळं धावलं. हा भेद ज्यांना बोचला त्यांचं बरोबर होतं. मात्र तो राग पायलोसच्या बुडालेल्यांपर्यंत पोचलाच नाही. आमच्या ग्रुपवर त्या साडेसातशेंबद्दल एकही ओळ आली नव्हती. माझीही नाही.

मला वाटतं, हसण्याचं मूळ एका प्रश्नात होतं: ‘कशाला गेले होते?’ हा प्रश्न विचारला की आपण सुरक्षित होतो. मी काही चार हजार मीटर खाली जाणार नाही, माझ्याकडे दोन कोटी नाहीत, म्हणजे हे मरण माझ्या वाट्याचं नाही. एकदा ते आपलं नाही असं ठरलं की हसायला मोकळीक मिळते. श्रीमंतांनाच हा प्रश्न विचारतात असंही नाही. जानेवारी २०२२ मध्ये गांधीनगर जिल्ह्यातल्या डिंगुचा गावचं चार जणांचं कुटुंब, त्यात दोन लेकरं, कॅनडा-अमेरिकेच्या सीमेवर बर्फात गोठून गेलं. तेव्हा आमच्या सोसायटीच्या बाकावर पहिलं वाक्य हेच निघालं होतं. गरिबाला, श्रीमंताला, दोघांना एकच प्रश्न, आणि तो विचारला की पुढचं काही विचारायचं राहतच नाही.

टायटननंतर सात महिन्यांनी, १८ जानेवारी २०२४ ला, आमच्या बडोद्यात हरणीच्या मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, लाइफ जॅकेट सगळ्यांना नव्हती. त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी टीव्ही मोठ्याने लावला नाही. कुणी विचारलं नाही की मुलं कशाला गेली होती. पहिल्या मिनिटापासून सगळ्या गावाचे प्रश्न ठरलेले होते: बोट कुणी तपासली, किती जणांची परवानगी होती, जॅकेट का नव्हती, ठेका कुणाला आणि कसा दिला. हायकोर्टानेही आपणहून दखल घेतली. आम्ही दांडिया बाजारचे, सुरसागरच्या काठचे. १९९३ च्या ऑगस्टमध्ये त्याच तळ्यात नाव उलटून बावीस माणसं बुडाली होती, आणि माझ्या आईने त्यानंतर मरेपर्यंत कुठल्याही नावेत पाय ठेवला नाही. म्हणून हरणीची बातमी आली तेव्हा घरातल्या मोठ्यांच्या तोंडून एकच शब्द आला, ‘पुन्हा?’

हरणीला जे प्रश्न आम्ही क्षणात विचारले, तेच टायटनला विचारायचे होते. तिथे त्यांची उत्तरं तर फार आधीपासून लिहिलेली होती.

आता थोडं कामाचं सांगतो, कारण त्याशिवाय हे कळणार नाही. आमच्याकडे जे व्हेसल बनतं त्यात बहुतेक वेळा दाब आतून बाहेर असतो. पाणबुडीचं उलटं, दाब बाहेरून आत. बाहेरच्या दाबाचं भय वेगळं असतं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एक साठवणीची टाकी आत दबलेली पाहिली. रंगकाम करणाऱ्यांनी रंग उडू नये म्हणून वरच्या व्हेंटला पॉलिथिन बांधलं होतं, आणि ते तसंच ठेवून कुणीतरी पंप चालू करून टाकी रिकामी करायला घेतली. हवा आत जायला वाट नाही. जाड पत्र्याची टाकी कागदाच्या पेल्यासारखी चेपली, आणि तेही चौरस सेंटीमीटरला किलोभरसुद्धा फरक नसताना. वर्कशॉपमध्ये त्या टाकीवर आठवडाभर हशा झाला. आत कुणी नव्हतं, म्हणून हसता आलं.

टायटनचा शेवटचा संदेश ३,३४६ मीटर खोलीवरून आला, दोन वजनं सोडली एवढाच. तिथे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर साधारण साडेतीनशे किलोचा भार असतो, म्हणजे सिमेंटच्या सात गोण्या. तो सोसायला मधलं नळकांडं कार्बन फायबरचं, पाच इंच जाडीचं, आणि दोन्ही टोकांना टायटॅनियमचे अर्धगोल होते. कार्बन फायबर ओढायला फार भक्कम असतं, दोरी असते तसं. दाबायला तितकं नाही. आणि थर देत बनवलेल्या वस्तूत थरांमध्ये हवेची पोकळी किंवा सुरकुती राहिली, तर प्रत्येक फेरीत ती थोडी थोडी उघडत जाते. पुढे चौकशीत त्या थरांमध्ये सुरकुत्या आणि पोकळ्या दाखवल्या गेल्या. एवढ्या खोल पाण्यात माणसं नेणाऱ्या इतर नामवंत पाणबुड्या धातूच्या गोलात माणसं बसवतात. आपल्या देशात बनत असलेल्या मत्स्य ६००० या खोल समुद्रातल्या पाणबुडीचा गोलही टायटॅनियमचाच ठरवलेला आहे.

आमच्या धंद्यात एक नियम आहे: बनवणाऱ्याने स्वतःच्या कामावर स्वतः शिक्का मारायचा नाही. बाहेरचा माणूस येतो, वेल्डची रेडिओग्राफी, म्हणजे एक्स-रे, बघतो, पाणी भरून कामाच्या दाबापेक्षा जास्त दाब देतो, गेजकडे बघत थांबतो, मगच नेमप्लेट ठोकली जाते. मालक वैतागतो, डिलिव्हरीची तारीख चुकते, तुम्हाला चहासुद्धा मिळत नाही. टायटन कुठल्याही वर्गीकरण संस्थेकडून, म्हणजे जहाजं-पाणबुड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या बाहेरच्या संस्थेकडून, तपासून घेतलेली नव्हती. टायटनच्या ओशनगेट कंपनीचे सागरी कामकाजाचे संचालक डेव्हिड लॉकरिज यांनी २०१८ मध्ये लेखी सांगितलं की नळकांड्याची तोडफोड न करता होणारी तपासणी झाली पाहिजे. पुढची खिडकी उत्पादकाने १,३०० मीटरपर्यंतच प्रमाणित केलेली आहे, हेही त्यांनी दाखवलं. त्यांना काढून टाकलं. त्याच वर्षी या क्षेत्रातल्या तीन डझनांहून अधिक जाणकारांनी कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश यांना उद्देशून पत्र लिहिलं की हा मार्ग अनर्थाकडे जाऊ शकतो. पहिल्या नळकांड्याला २०१९ मध्ये तडा सापडला, मग दुसरं बनवलं. जुलै २०२२ मध्ये ८० व्या फेरीत वर येताना आतल्यांना मोठा आवाज ऐकू आला. त्यानंतरचा हिवाळा पाणबुडी कॅनडातल्या सेंट जॉन्समध्ये उघड्यावर, बर्फात उभी होती. एका मर्यादेपलीकडे सुरक्षितता म्हणजे वाया घालवणं, अशा अर्थाचं रश मुलाखतीत बोललेही होते. ते स्वतः पाणबुडी चालवत होते आणि त्यांच्यासह सगळे गेले.

प्रवाशांना कंपनीवाले प्रवासी म्हणतही नसत, ‘मिशन स्पेशालिस्ट’ म्हणत. प्रवासी म्हटलं की नियम लागू होतात. ज्या कागदावर सह्या घेत त्यात मृत्यूचा उल्लेख पुन्हा पुन्हा होता, आणि हसणाऱ्यांचा हा आवडता मुद्दा होता: सही केली होती ना? मी आयुष्यभर सह्या केल्या आहेत, म्हणून सांगतो. धोका आहे यावर सही करणं वेगळं, आणि धोका किती आहे हे दडवलेलं असताना सही करणं वेगळं. ८० व्या फेरीतल्या आवाजानंतर पाणबुडीत बसवलेल्या सेन्सरच्या आकड्यांची तऱ्हा बदललेली होती. ते आकडे ओळीने लावून एखाद्या त्रयस्थ इंजिनिअरला दाखवले असते तर २०२३ मध्ये ती पाण्यात उतरली नसती.

आत बसलेल्यांपैकी पॉल-आँरी नार्जोले ७७ वर्षांचे, टायटॅनिकवर तीसपेक्षा जास्त वेळा जाऊन आलेले. सुलेमान दाऊद १९ वर्षांचा. त्याच्या जागी आधी त्याची आई जाणार होती. मुलाला फार इच्छा होती म्हणून तिने जागा सोडली, असं तिने नंतर मुलाखतीत सांगितलं. तो रुबिकचा क्यूब बरोबर घेऊन गेला होता, एवढ्या खोलीवर सोडवून विक्रम करायचा होता. हे ऐकलं त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर भाचा आला. त्याच वयाचा, त्याच्याही टेबलावर तोच क्यूब. हरणीची मुलं मोठ्यांच्या भरवशावर बोटीत बसली, हा मुलगाही बापाच्या भरवशावर बसला, बाप कंपनीच्या भरवशावर. पैशाने तो भरवसा पक्का होतो असं त्यांना वाटलं असेल. आमच्या बडोद्यातल्या कुठल्याही बापाला तसंच वाटतं, म्हणून तो महागडी शाळा शोधतो.

अपघातानंतर आतल्या शेवटच्या क्षणांचे संवाद म्हणून एक मजकूर फिरत होता. तो बनावट होता, चौकशी करणाऱ्यांनीच सांगितलं. स्फोट दाखवणारे कार्टूनसारखे व्हिडिओही लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिले. खरं तर ते क्षण नव्हतेच. असा दाब आत घुसतो तेव्हा सगळं काही मिलिसेकंदांत संपतं, कळण्याआधीच.

तुमच्या टोचणीबद्दल. तुम्ही तेव्हा चूक केलीत असं मला वाटतं, आणि मीही केली. तुमच्या दोन विनोदांनी कुणाचं मरण ओढवलं नाही, पण ती माणसं अजून सापडायची होती आणि त्यांच्या घरी फोन होते. आणि दुसरी चूक ही की आपण सगळे हसण्यात गुंतलो तेव्हा लॉकरिजसारख्यांची पत्रं एका बातमीत आली आणि दुसऱ्या दिवशी खाली गेली. आमच्याच जिल्ह्यात जुलै २०२५ मध्ये मही नदीवरचा गंभीरा पूल तुटून वीसहून अधिक माणसं गेली. पूल हलतो, असं आसपासचे लोक आधीपासून सांगत होते. सांगणारे बहुधा असतातच.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या कोस्ट गार्डचा तीनशेवर पानांचा अहवाल आला. अपघात टाळता आला असता, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मी तो भाच्याला पाठवला, बरोबर काही लिहिलं नाही. तो तेव्हा शेवटच्या वर्षाला होता. चार-पाच दिवसांनी रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. म्हणाला, “मामा, ऐंशीव्या फेरीचं वाचलं. आवाज आला होता, आकडे बदलले होते, तरी पुन्हा खाली का नेली?” मग आम्ही दोघांनी ते पान परत उघडलं आणि एक वाजेपर्यंत फोनवर वाचत बसलो.