वाचकांचे प्रश्न : पुसली गेलेली पॅकेजची नोंदवही

प्रश्न : माझ्या डेबियन (लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टीम) संगणकाची डिस्क भरल्यामुळे अपडेट अर्धवट थांबले. जागा मोकळी करताना मी ‘व्हार/लिब/डीपीकेजी’ या डिरेक्टरीतील ‘स्टेटस’ नावाची मोठी फाइल रिकामी केली. सगळे प्रोग्रॅम अजूनही चालतात, परंतु पॅकेजे (प्रोग्रॅमचे तयार संच) बसवणाऱ्या ‘डीपीकेजी’ या साधनाच्या मते संगणकावर एकही पॅकेज नाही. सगळे पुन्हा इन्स्टॉल करावे लागेल का?

उत्तर : नाही, मात्र तूर्त पॅकेज बसवण्याची किंवा काढण्याची कोणतीही कमांड देऊ नका. आपण पुसली ती नोंदवही आहे, प्रोग्रॅम नव्हेत. प्रत्येक पॅकेजच्या फायलींची यादी शेजारच्या ‘इन्फो’ डिरेक्टरीत स्वतंत्रपणे असते आणि ती शाबूत असणार. ‘स्टेटस’मध्ये मात्र प्रत्येक पॅकेजची आवृत्ती, त्याला लागणारी इतर पॅकेजे आणि ‘इन्स्टॉल ओके इन्स्टॉल्ड’ अशी तीन शब्दांची ओळ असते. त्यातील पहिला शब्द आपली इच्छा सांगतो, दुसरा काही बिघाड आहे का ते, आणि तिसरा प्रत्यक्ष स्थिती.

डीपीकेजी ही फाइल नव्याने लिहिताना आधीची प्रत ‘स्टेटस-ओल्ड’ म्हणून ठेवतो. आपण आणखी एखादे पॅकेज बसवले, तर त्या जुन्या प्रतीच्या जागी रिकामी प्रत येण्याचा धोका आहे, म्हणूनच वरची मनाई. प्रथम ‘व्हार/लिब/डीपीकेजी’ ही संपूर्ण डिरेक्टरी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि ‘ॲप्ट क्लीन’ या कमांडने डाउनलोड केलेली पॅकेजे काढून जागा करा (खरे तर सुरुवातीलाच हे केले असते, तर पुरले असते). मग ‘स्टेटस-ओल्ड’ उघडून पाहा. ती भरलेली असेल, तर रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) या नात्याने तिचीच प्रत ‘स्टेटस’ या नावाने ठेवा. तीही रिकामी निघाल्यास ‘व्हार/बॅकअप्स’मध्ये ‘डीपीकेजी.स्टेटस.०’ शोधा. डेबियन दिवसातून एकदा या नोंदी तपासतो, त्या बदललेल्या असल्यास नवी प्रत काढतो आणि जुन्या प्रती आकुंचित करून ठेवतो.

परत आणलेली प्रत काही तासांनी किंवा दिवसांनी मागची असू शकते, आणि खरे काम इथेच आहे. ‘व्हार/लॉग’मधील ‘डीपीकेजी.लॉग’मध्ये प्रत्येक हालचाल वेळेसह लिहिलेली असते. त्या प्रतीनंतर जी पॅकेजे नव्याने बसवली किंवा ज्यांची आवृत्ती बदलली, ती पुन्हा इन्स्टॉल करा, म्हणजे नोंद आणि फायली जुळतील. त्या काळात काढून टाकलेले पॅकेज नोंदीत अजून ‘इन्स्टॉल्ड’ दिसेल. ते पुन्हा एकदा रीतसर काढा. शेवटी ‘डीपीकेजी --ऑडिट’ अर्धवट राहिलेली पॅकेजे दाखवील आणि ‘डीपीकेजी --व्हेरिफाय’ हरवलेल्या किंवा बदललेल्या फायली दाखवील. आपण स्वतः बदललेल्या कॉन्फिगरेशन फायलीही त्या यादीत येतील, त्यांनी घाबरू नये.

‘स्टेटस’ साधी मजकुराची फाइल असल्यामुळे एडिटरमध्ये उघडून हाताने दुरुस्त करण्याचा मोह होतो. मी तो टाळतो, कारण एखादी ओळ चुकीची पडली तर डीपीकेजी पूर्ण फाइलच वाचण्यास नकार देऊ शकतो. आरपीएम हे पॅकेजचे साधन वापरणाऱ्या इतर लिनक्स प्रणालींत आणि फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या ‘पीकेजी’ या साधनामध्ये या नोंदी डेटाबेसमध्ये असतात, त्यामुळे तिथे हा मोह फारसा होत नाही, आरपीएमला त्यासाठी ‘--रिबिल्डडीबी’ हा पर्यायही आहे. तथापि तो खराब झालेली सूची नव्याने बांधतो. मूळ नोंदीच पुसल्या गेल्या असतील, तर तिथेही बॅकअपच लागतो.