१९९१ मध्ये निंटेंडो आणि सोनीचं फाटलं नसतं तर व्हिडिओ गेम कन्सोलच्या स्पर्धेचं काय झालं असतं?

माझ्या मते प्लेस्टेशन आलं असतं, पण निंटेंडोचं जोडयंत्र म्हणून. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने निंटेंडोची कार्ट्रिज (गेम साठवलेली डबी) आणि सीडी दोन्ही चालवणारं यंत्र जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी निंटेंडोने फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली! सीडीवरच्या गेम्सचे हक्क सोनीकडे जाणार होते, तिथेच घोडं अडलं. त्या यंत्राचा एक नमुना २०१५ मध्ये उजेडात आला. कंट्रोलर हुबेहूब निंटेंडोच्या सुपर फॅमिकॉम कन्सोलचा आणि त्यावर नाव सोनीचं; फोटो बघून आजही अंगावर काटा येतो.

युती टिकली असती तर निंटेंडो वेळीच सीडीवर आली असती. प्रत्यक्षात त्यांच्या पुढच्या कन्सोलला, निंटेंडो ६४ ला, कार्ट्रिजच राहिलं, जास्तीत जास्त ६४ एमबीचं; एका सीडीत साधारण ६५० एमबी मावायचे. म्हणून तर स्क्वेअर ही गेम्स बनवणारी कंपनी सोनीकडे गेली आणि १९९७ चा 'फायनल फँटसी ७' तीन सीडींवर आला. तो निंटेंडोवरच राहिला असता.

सेगा ही तिसरी कन्सोल कंपनी मात्र वाचली असती असं मला वाटत नाही. तिच्या सॅटर्न कन्सोलवर गेम्स बनवणं मुळातच किचकट होतं. आणि सोनीत प्लेस्टेशन घडवणाऱ्या केन कुतारागींसारखा हट्टी इंजिनिअर दुसऱ्याच्या यंत्राला जोडभाग बनवत किती दिवस राहिला असता? पाच-सहा वर्षांत तेच भांडण पुन्हा पेटलं असतं.