मुलगा डेंटल लॅबचा डिप्लोमा म्हणतोय, वडील म्हणतायत तिसऱ्यांदा नीट

नमस्कार दादा,

तुमचं पत्र पूर्ण वाचलं. पेणजवळ तुमचा गणपतीचा कारखाना, मुलाची बारावी सायन्स झाली, नीट दोनदा देऊन झाली, मार्क एमबीबीएसच्या आसपासही नाहीत, आता तो म्हणतोय डेंटल मेकॅनिकचा, म्हंजे लॅबमध्ये दातांच्या कॅपा-कवळ्या बनवायचा, डिप्लोमा करतो आणि तुम्ही म्हणताय एकतर तिसऱ्यांदा नीट दे नाहीतर खालचं शेत विकून मॅनेजमेंट कोट्यातून बीडीएसला, दातांच्या डॉक्टरकीला, घालतो. यातलं बरोबर काय असं तुम्ही विचारलंय. सांगते, पण आधी दुसरं बोलायचंय.

शेताचा भाव, फीचा आकडा सगळं लिहून झाल्यावर तुम्ही शेवटी एक ओळ टाकलीय, की निकाल लागल्यापासून तो कारखान्यात फिरकत नाही, जेवायला चार हाका माराव्या लागतात, रात्री दोन दोन वाजेपर्यंत जागा असतो. दादा, ही ओळ सगळ्यात वर यायला हवी होती. मला मार्कांपेक्षा ह्याचीच जास्त काळजी वाटली. त्याच्या हातची डोळ्यांची आखणी गिऱ्हाईक मागून नेतं असं तुम्हीच कौतुकाने लिहिलंय, आणि तो पोरगा ऐन सीझनला ब्रशला हात लावत नाहीये. घरात त्याच्या कानावर काय पडतंय तेही पत्रात आहे, 'दोन वर्षं वाया घालवली', 'आता तरी आमचं ऐक', 'पाहुण्यांना काय सांगू'. हे थांबवा. तिसऱ्या नीटचा विषय आजपासून घरात बंद करा, तो स्वतःहून म्हणाला मला परत द्यायचीय तर वेगळी गोष्ट. मार्क सोडून त्याच्याशी बोला, तुम्हाला जमत नसेल तर त्याच्या आईला नाहीतर मामाला बोलू द्या. आणि झोप-जेवण असंच बिघडलेलं राहिलं तर सरळ डॉक्टरकडे न्या, लाजू नका. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं.

आता तुमचं ते वाक्य, 'माझा जन्म प्लास्टर घोळण्यात गेला, त्याने पण तेच घोळायचं का'. त्यामागचं दुखणं मला कळतं. पण ज्या बीडीएससाठी तुम्ही शेत विकायला निघालात तिथेही प्लास्टर घोळावंच लागतं, डेंटल मटेरियल्स हा तिथे परीक्षेचा विषय आहे आणि जिप्सम त्यातला मोठा भाग. माल मुळात एकच. जिप्सम तापवून त्यातलं बरंचसं पाणी उडवलं की जी पावडर होते तिच्यात परत पाणी घातलं की ती गरम होत घट्ट बसते, तुमच्या साच्यातही आणि लॅबमधल्या दाताच्या मापातही, म्हंजे तोंडातून घेतलेल्या ठशातही. पण उघड्यावर तापवलं तर दाणा सच्छिद्र, वेडावाकडा येतो, ते साधं प्लास्टर, १०० ग्रॅमला ४५ ते ५० मिली पाणी पितं. तेच वाफेच्या दाबाखाली केलं की दाणा भरीव होतो, तो डेंटल स्टोन, त्याला २८ ते ३० मिली पुरतं. आणि ज्या एका दातावर कॅप बसवायचीय त्याची हुबेहूब प्रत, म्हंजे डाय, जिच्यात करतात तो डाय स्टोन तर २२ ते २४ मिलीमध्येच भिजतो. खरी रासायनिक गरज जेमतेम साडेअठरा मिलीची, वरचं पाणी सुकून जातं आणि मागे भोकं राहतात, म्हणून पाणी जास्त तेवढं काम कच्चं. हे तुम्हाला मी काय सांगणार, कामगाराने घोळात पाणी जास्त ओतलं की मूर्तीची बोटं आधी मोडतात हे तुमच्या मुलाने शाळेत असतानाच बघितलंय. बादलीला चिकटलेलं जुनं प्लास्टर नव्या घोळात गेलं की तो भराभर धरतो हेही त्याला माहीत असणार, लॅबमध्ये तेच मुद्दाम करतात, मॉडेल, म्हंजे दातांची प्लास्टरमधली प्रत, घासून ट्रिम करताना निघालेलं गढूळ पाणी वापरून सेटिंग लवकर आणतात, स्लरी वॉटर म्हणतात त्याला.

खरा फरक मापात आहे. प्लास्टर बसताना किंचित फुगतं, ०.३ टक्के फुगलं तर दोन फुटी मूर्तीत कोणाला कळणार आहे, पण १० मिलीमीटरच्या दाढेत ते ३० मायक्रॉन, म्हंजे मिलीमीटरचे तीस हजारांश, होतात आणि कॅप नीट बसणार की घासत बसावं लागणार हे तेवढ्यावर ठरतं. म्हणून डाय स्टोनमध्ये हे फुगणं ०.१ टक्क्याच्या आसपास ठेवतात. पण टाइप ५ म्हणून एक स्टोन आहे तो मुद्दाम जास्त फुगणारा बनवलाय, कारण कॅपसाठी वितळवून ओतलेले काही मिश्रधातू थंड होताना जास्त आकसतात, ती तूट डायच्या फुगण्यातून भरून काढायची. अशा कामाला हात आणि डोकं दोन्ही लागतं दादा, आणि हात तर त्याच्याकडे आहे.

मग डिप्लोमा करूच द्या असं म्हणतेय का? अजून नाही. बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा कोर्स आहे, कॉलेजला मान्यता आहे का ते स्वतः जाऊन कागद बघून खात्री करा. सुरुवातीचा पगार कमी असतो, हे त्याला आत्ताच कळू दे. हा रस्ता डॉक्टर करत नाही, पेशंटच्या तोंडात हात घालायचा, माप घ्यायचं, क्लिनिक टाकायचं हे मेकॅनिकला कायद्याने चालत नाही, कोणी 'पुढे बघून घेऊ' म्हणालं तर त्याच्यापासून लांब राहा. दुसरं, स्टोनचं काम कमी होत चाललंय. डाय पूर्वीही इपॉक्सी रेझिनच्या, तांब्याचा मुलामा चढवलेल्या अशा व्हायच्या, पण आता डॉक्टर तोंडातच स्कॅनर फिरवतात आणि मॉडेल थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये निघतं, कधी मॉडेलशिवायच कॅप मिलिंगला, मशीनवर कोरायला, जाते. तेव्हा कॅड डिझाइन, म्हंजे कॉम्प्युटरवर कॅप आखायला, शिकवत नसतील तर तो कोर्स अपुरा समजा आणि ते बाहेर शिकायची तयारी ठेवा. तिसरं, धूळ. धातू ओतायच्या साच्याच्या पावडरीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसते, मास्क आणि सक्शनशिवाय चालणाऱ्या लॅबमध्ये त्याला एक दिवसही ठेवू नका. (तुमच्या कारखान्यात घासकाम करणाऱ्या पोरांनाही मास्क द्या, विषय निघालाच आहे तर.)

बीडीएसबद्दल एवढंच, पेशंट बघायची आवड त्याला आहे असं तुमच्या पत्रात कुठेच नाही. चार वर्षं शिकायचं, एक वर्ष इंटर्नशिप, मग क्लिनिकला पुन्हा पैसे उभे करायचे, आणि हे सगळं 'डॉक्टरचा बाप' म्हणवून घ्यायला. तुम्हाला राग येईल, पण मला पत्रात हेच दिसलं. शेत विकू नका.

तुमच्या ओळखीच्या एखाद्या दातांच्या डॉक्टरला विचारा त्यांचं काम कुठल्या लॅबला जातं, पनवेलला, अलिबागला, जिथे असेल तिथे फोन करायला लावा आणि त्याला काही दिवस तिथे नुसतं बसू द्या. अल्जिनेटचं, म्हंजे रबरासारख्या मऊ मालात घेतलेलं, माप आलं की ते आकसायच्या आत कशी घाई करून स्टोन ओततात, व्हायब्रेटरवर बुडबुडे कसे काढतात, तासभर हात न लावता कसं थांबावं लागतं, आणि शेजारी कॉम्प्युटरवर दुसरा मुलगा तेच काम कसं करतोय, सगळं बघू दे. तुम्ही सोबत जाऊ नका. आला की लगेच 'मग काय ठरलं' विचारू नका.

आणि त्याला म्हणावं मला स्वतः लिही, दोन ओळी चालतील, व्हॉइस मेसेज पण चालेल. त्याने लिहिलेलं मी तुम्हाला दाखवणार नाही, हेही त्याला सांगा.