बोट तुटलं, रजा कोणती टाकू?

प्रश्न : चाकणला ठेकेदाराकडे पॉवर प्रेसवर आहे. उजव्या तर्जनीची दोन पेरं तुटली. पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापतात. सुपरवायझर म्हणतात, ‘आजारपणाची रजा टाक, पैसे मिळतील.’ टाकू का?

उत्तर : नको. आजारपणात रोजच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के मिळतात, तेही वर्षाला ९१ दिवसच. कामावरच्या अपघातात तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ९० टक्के, रविवार धरून, डॉक्टर फिट लिहून देईपर्यंत. अट एवढीच की अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद हवं. नोकरीचा पहिलाच दिवस असला तरी चालतं.

खरं नुकसान पुढे आहे. जखम भरली की हा लाभ थांबतो आणि कायमच्या अपंगत्वाचा सुरू व्हायला हवा, पण तो आपोआप होत नाही. अपंगत्व किती टक्के ते ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डासाठी ईएसआयच्या ब्रँच ऑफिसात अर्ज करावा लागतो. तर्जनीच्या दोन पेरांना कायद्याच्या तक्त्यात ११ टक्के आहेत. रोजचा सरासरी पगार ५०० असेल तर ९० टक्क्यांचे ४५०, त्याचे ११ टक्के म्हणजे दिवसाला ४९.५० रुपये, महिन्याला साधारण दीड हजार, जन्मभर. पुन्हा त्याच पगारावर लागलात किंवा नोकरी सोडलीत तरी ते बंद होत नाहीत. मात्र आजारपणाची रजा टाकली आणि कागदोपत्री अपघातच नसेल तर बोर्ड तपासणार काय?

म्हणून अपघात वहीत तारीख, वेळ, मशीन आणि साक्षीदार लिहून घ्या. कंपनीने ईएसआयला पाठवलेल्या अपघात अहवालाची प्रत मागा. टाळाटाळ झाली तर ब्रँच ऑफिसला स्वतः लेखी कळवा, पोच शिक्क्यासह. आधी खासगी दवाखान्यात गेला असाल तर केसपेपर वाचा. सोबत आलेला माणूस घाईत ‘घरी लागलं’ सांगून जातो, आणि दावा तिथेच अडकतो.

प्रश्न : माझीही तशीच इजा आहे. वय ३०, पगार २४,०००, ईएसआय नाही.

उत्तर : महिना २१,००० च्या वर पगार असेल तर ईएसआय लागू होत नाही, तेव्हा भरपाई मालकाने द्यायची. हिशेबात पगार १५,००० पर्यंतच धरतात. त्याचे ६० टक्के ९,०००, गुणिले कायद्याने वयानुसार दिलेला तिशीचा गुणांक २०७.९८, आणि येईल त्याचे ११ टक्के : साधारण २ लाख ५ हजार ९००, एकरकमी. औषधोपचाराचा खर्च वेगळा, त्यामुळे बिलं जपा. मालकाने हातात कमी रक्कम ठेवून ‘सर्व मिळालं’ असं लिहून मागितलं तर सही करू नका. भरपाई आयुक्तांकडे अर्ज करायला दोन वर्षांची मुदत आहे.