वाचनालयात पहिल्यांदा जाणाऱ्या मित्राला

सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात जायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. एक लक्षात ठेव, आपल्या विषयाचं, म्हणजे समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या आयुष्यावरच्या पुस्तकांचं, वेगळं कपाट कुठल्याच मराठी वाचनालयात सहसा नसतं. ही पुस्तकं विखुरलेली असतात. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ नाटकांत, सचिन कुंडलकरांची २००६ ची ‘कोबाल्ट ब्लू’ कादंबऱ्यांत, लक्ष्मी त्रिपाठींचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ आत्मचरित्रांत शोध. काउंटरवर विषय सांगायला जीभ अडखळते, मला माहीत आहे, माझीही अडखळायची. नुसतं लेखकाचं नाव सांग, पुरे. नसेल तर मागणी लिहून ये. एकाने मागितलेलं पुस्तक पुढे दहाजण वाचतात.

घरी नेणं अवघड असेल तर तिथेच बसून वाच. घाई नको.

सुरुवात ‘मित्राची गोष्ट’पासून कर असं मी सांगेन, पण मन हळवं असेल त्या आठवड्यात नको, शेवट जड आहे. आणि ६ सप्टेंबर २०१८ च्या ३७७ कलमाच्या निकालाबद्दलही वाच, प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सुप्रीम कोर्टाने त्यात ठरवलं. जूनमध्ये प्राइड, म्हणजे आपल्या असण्याच्या अभिमानाचा उत्सव, साजरा करायला पुण्या-मुंबईलाच जायला हवं असं नाही. दोघंतिघं मिळून सिद्धेश्वर तलावाकाठी बसा, एकेक पान मोठ्याने वाचा. मला बोलाव, मी येईन.