नाताळच्या वचनाचा आकडा : छतासाठी पूर्ण महिन्याचा पगार द्यावा का?

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. नाताळच्या आधी त्यांना दोन महिन्यांच्या पगाराइतका बोनस मिळतो. त्यांच्या मंडळीने (चर्चने) यंदा तीन गोष्टींसाठी आवाहन केले आहे : मंडळीच्या सभागृहाचे गळके छत, गरजू कुटुंबांना द्यायच्या वस्तूंचे संच आणि एकटे राहणाऱ्यांसह सर्वांचे प्रीतिभोजन. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या तयारीच्या काळाच्या, चौथ्या रविवारी प्रत्येक कुटुंबाने आपल्या वचनाचा, म्हणजे देऊ केलेल्या दानाचा, आकडा चिठ्ठीवर लिहून द्यायचा आहे. छतासाठी एका महिन्याचा पूर्ण पगार द्यावा, असे भगिनींच्या मनात आहे. शिवाय प्रार्थनागटातील ३० जणांना त्या घरी जेवायला बोलावणार आहेत. पतींना हा आकडा पेलणारा वाटत नाही. भगिनींनी शेवटी विचारले आहे की, आकडा कमी केला तर तो विश्वासाचा कमकुवतपणा ठरेल का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या अखेरच्या प्रश्नाचे उत्तर तुमचे पाळक माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने देतील. मात्र एका लहान मंडळीची खातेवही मी सहा वर्षे लिहिली आहे, त्यामुळे दान देणाऱ्याची आणि दान खर्च करणाऱ्याची अशा दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत, आणि तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून एक गोष्ट मी निःशंकपणे सांगू शकतो : एवढे दान द्यावे ही तुमची इच्छा योग्य आहे, पण ते सगळे एकाच महिन्यात द्यावे हा निर्णय योग्य नाही.

हिशेब सोपा व्हावा म्हणून तुमचा हाती येणारा मासिक पगार १०० धरू. त्यातून घरखर्च आणि घराचा हप्ता मिळून ७० जातात, नियमित दशांश (मिळकतीचा दहावा भाग मंडळीला) १०, आईवडिलांना १०, क्रेडिट कार्डाच्या थकबाकीपोटी ६, आणि ४ शिल्लक राहतात. कार्डावर ६० थकीत आहेत व त्यावर दरमहा ३ टक्के व्याज लागते. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम ७०, म्हणजे जेमतेम एका महिन्याचा घरखर्च. कर वजा जाता बोनस २०० आहे आणि तुमचा बेत असा आहे : बोनसचा दशांश २०, छत १००, गरजूंसाठी संच १५, घरचे जेवण ४०, कुटुंबाची खरेदी आणि प्रवास ४५. ही बेरीज २२० होते. कमी पडणारे २० तुम्ही जानेवारी आणि फेब्रुवारीत आईवडिलांना पैसे न पाठवून भरून काढणार आहात.

या शेवटच्या तरतुदीपाशी मी थांबलो. मार्काच्या शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायात ‘कर्बान’ या प्रथेचा उल्लेख आहे. आपल्याकडची मालमत्ता देवाला अर्पण केली आहे असे म्हटले की आईवडिलांसाठी काही करण्याची गरज उरत नाही, असे मानणाऱ्यांना येशूने तेथे स्पष्ट शब्दांत चुकीचे ठरवले आहे. तुमचा हेतू तसा नाही, हे मी जाणतो. तुम्ही फक्त दोन महिने पुढे ढकलत आहात. परंतु तुमच्याच पत्राप्रमाणे त्या पैशांतून वडिलांची औषधे येतात, आणि औषधांचा खर्च दोन महिने पुढे ढकलता येत नाही. म्हणून बेतातील इतर कोणताही आकडा बदलण्यापूर्वी ही तरतूद रद्द करावी, असा माझा आग्रह आहे.

आता कार्डाचा विचार करू. दरमहा ६ भरत राहिलात आणि कार्डावर नवी खरेदी केली नाही, तरी ६० फिटायला सुमारे वर्ष लागेल आणि तोवर तुम्ही एकूण ७२ च्या थोडे वर भरलेले असाल. म्हणजे १२ हून अधिक रक्कम निव्वळ व्याजात जाईल, जी गरजूंच्या संचांसाठी तुम्ही ठरवलेल्या १५च्या जवळ पोहोचते. थकबाकी आज फेडली तर ती रक्कम तुमच्याकडेच राहते आणि दरमहाचे ६ देखील मोकळे होतात. छताचा प्रश्न मी याच मोकळ्या होणाऱ्या ६वर सोडवला आहे.

बायबलमधील गरीब विधवेच्या दोन दमड्यांचा दाखला तुम्ही दिला आहे आणि तो मला टाळायचा नाही. तिने आपली सगळी उपजीविका मंदिराच्या दानपेटीत टाकली आणि येशूने तिचे दान सर्वांत मोठे मानले, हे खरेच आहे. मात्र तिने दिले ते तिच्या हातातले, तिचे स्वतःचे होते. दुसऱ्या कोणाला द्यायचे राखून ठेवलेले पैसे तिने पेटीत टाकले असे तेथे म्हटलेले नाही. तुमच्या १००पैकी ६० सध्या कार्ड देणाऱ्या बँकेचे आहेत आणि २० आईवडिलांचे. येशूचा प्रचार करणारा प्रेषित पौल याने यरुशलेममधील गरजूंसाठी वर्गणी गोळा करताना करिंथच्या मंडळीला लिहिले होते की, दान माणसाजवळ जे आहे त्यावरून मान्य होते, जे नाही त्यावरून नव्हे, आणि इतरांना सुख मिळावे म्हणून तुमच्यावर ओझे पडावे असा आपला हेतू नाही. हे करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ८व्या अध्यायात आहे. पतींसोबत बसून तो अध्याय एकदा सलग वाचावा, कारण तुमच्या दोघांच्या मतभेदाचा बराचसा भाग त्यात आधीच बोलून झाला आहे.

माझी मांडणी अशी आहे. कार्डाचे ६० पूर्ण फेडावेत. बोनसचा दशांश २० तसाच ठेवावा. तुम्ही दोघांनी लग्नापासून पाळलेला तो नियम आहे आणि तुमच्या मिळकतीत तो बसतो. संचांचे १५ देखील पूर्ण द्यावेत आणि शक्य तितक्या लवकर द्यावेत, कारण ही मदत नाताळपूर्वीच घरोघर पोहोचायची आहे. छतासाठी आता १२ आणि नंतर वर्षभर दरमहा ४, म्हणजे एकूण ६० द्यावेत. जेवणाचा खर्च १२वर आणावा आणि कुटुंबाचा ३३वर. २००मधून ४८ उरतात. ते अडीअडचणीच्या रकमेत घालावेत, म्हणजे ती ११८ होईल आणि सुमारे पावणेदोन महिने घर चालवू शकेल. मला ती तीन महिन्यांची हवी आहे, पण यंदा एवढे पुरेसे मानतो. कार्डातून मोकळ्या झालेल्या ६पैकी ४ छताला गेल्यावर उरणारे २ पुढच्या नाताळसाठी वेगळ्या खात्यात साठवावेत. वर्षाने ते २४ होतील आणि पुढच्या वर्षी बोनस उशिरा आला तरी तुमचे दान अडणार नाही.

यात छताला मिळणारी रक्कम १००ऐवजी ६० होते, ती कमी आहे आणि तुम्हाला त्याचे वाईट वाटेल. पण मंडळीच्या बाजूने पाहा. आमच्या वहीत दर वर्षी एकच चित्र दिसे : डिसेंबरच्या रविवारी अर्पणाची पाकिटे भरभरून येत आणि जानेवारीच्या मध्यापासून ओसरत, दिव्याचे बिल, सफाई आणि आजाऱ्यांच्या भेटीगाठींचा खर्च मात्र बारा महिने सारखाच असे. नाताळात मोठ्या उत्साहाने लिहिलेली काही वचने उन्हाळ्यापर्यंत अपुरी राहत आणि त्या कुटुंबांना रविवारी आमच्या नजरेला नजर देणे अवघड जाई. एक कुटुंब तर याच संकोचापायी दोन महिने उपासनेला आले नाही, ही आठवण मला अजून त्रास देते. वचन देऊन ते न फेडण्यापेक्षा वचन न दिलेले बरे, हे बायबलमधील ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या ५व्या अध्यायातील बोलणे मी तेव्हापासून अक्षरशः घेतो. खजिनदाराला नेमाने येणाऱ्या ४ची खात्री असली की तो कंत्राटदाराशी टप्प्याटप्प्याने पैसे देण्याचे ठरवू शकतो. पौलाचा सल्लाही असाच होता : आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, म्हणजे पौल स्वतः आल्यावर घाईने वर्गणी गोळा करावी लागणार नाही.

चिठ्ठी लिहिण्यापूर्वी खजिनदारांना काही गोष्टी मोकळेपणाने विचाराव्यात. छताचा निधी नेहमीच्या अर्पणापासून वेगळा ठेवला जातो का, दुरुस्तीचे लेखी अंदाजपत्रक घेतले आहे का, आणि पैसे अधिक जमले किंवा काम रद्द झाले तर त्या निधीचे काय होईल? असे विचारणे अविश्वासाचे लक्षण मुळीच नाही. एवढ्या मोठ्या रकमेच्या व्यवस्थेबद्दल कोणी दोष काढू नये म्हणून पौलाने स्वतः इतर बंधूंना सोबत पाठवले होते. पावतीही घ्यावी, करसवलतीचे नियम देशागणिक आणि संस्थेगणिक निराळे असल्यामुळे सवलत मिळेलच असे धरून आकडा वाढवू नये.

जेवणाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तेथे मी मोठी कपात सुचवली आहे आणि तिचा चुकीचा अर्थ निघू नये. सणाला एकत्र जेवणे ही चैन आहे असे मी मानत नाही. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात दशांशाचा जो नियम आहे, त्यात उत्पन्नाचा तो भाग देवासमोर सहकुटुंब आनंदाने खाण्यासही सांगितले आहे, लेव्याला (देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या, स्वतःची जमीन नसलेल्या वंशातील माणसाला) विसरू नका असे बजावले आहे, आणि दर तिसऱ्या वर्षी तो परका, अनाथ व विधवा यांच्यासाठी साठवायला सांगितला आहे. देणे आणि एकत्र जेवणे ही तेथे एकाच खात्यातील नोंद आहे. म्हणूनच तुमच्या घरच्या जेवणाचे ४० आणि मंडळीच्या प्रीतिभोजनाचा खर्च असे दोन वेगळे हिशेब मांडण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. तुमच्या गटातील ३० जणांनी प्रीतिभोजनालाच यावे, प्रत्येक कुटुंबाने एकेक पदार्थ करून आणावा, आणि ज्यांना काही आणणे परवडत नाही त्यांना गटातील कोणीतरी आधीच वाढायचे किंवा पाहुण्यांना आणण्याचे काम सोपवावे, म्हणजे कोणीही रिकाम्या हाताने आल्यासारखे वाटून घेणार नाही. एकटे राहणाऱ्यांना घरून आणण्या-सोडण्यासाठी वाहनाची सोय तुम्ही केलीत, तर १२ त्यात सहज बसतील, आणि तीस ओळखीच्या माणसांच्या जेवणापेक्षा त्याची गरज अधिक आहे.

कुटुंबाच्या ४५मधून कोणते १२ कमी करायचे, हे मी ठरवणार नाही. मुले मोठी आहेत, त्यांना कारण सांगून निर्णयात घ्यावे.

पतींशी हे सगळे रविवारच्या आधी बोलावे, मंडळीच्या दारात नव्हे. दोघांचे एकमत ५० वर झाले तर ५० लिहावे. पुढच्या बोनसच्या वेळी कार्ड कोरे असेल आणि तेव्हा आकडा वाढवायला वाव राहील. चिठ्ठीवर रकमेपुढे ‘बारा महिन्यांत’ हे शब्द अवश्य लिहावेत आणि दरमहाचे ४ पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेला त्याच आठवड्यात द्यावी.