तैवानला खुर्ची नाही, मग पोरीला नोकरी कुठली?

प्रश्न : लेक पुण्यात टी.वाय.बी.ए.ला आहे, राज्यशास्त्र घेऊन. तैवानला जागतिक संघटनांत जागा मिळवून देण्याचं काम करायचं, असं तिने डोक्यात घेतलंय. हे म्हणतात, ज्याला युनोत खुर्ची नाही त्याच्यापायी आयुष्य कशाला घालवायचं? यात नोकऱ्या तरी असतात का? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, यजमानांची शंका रास्त आहे. १९७१ च्या ठरावाने युनोतली चीनची जागा तैवानमधल्या सरकारकडून बीजिंगकडे गेली. आज तैवानशी रीतसर राजनैतिक संबंध ठेवणारे देश जेमतेम डझनभर. भारत त्यांत नाही. पण म्हणून सगळीच दारं बंद झाली, असं नाही.

जागतिक व्यापार संघटनेचंच घ्या. तिच्या कराराच्या बाराव्या कलमानुसार सभासद व्हायला 'देश' असावंच लागत नाही, स्वायत्त जकात क्षेत्र, म्हणजे परदेशी व्यापाराचे निर्णय स्वतः घेणारा प्रदेश, असलं तरी चालतं. त्या आधारावर तैवान २००२ च्या १ जानेवारीला आत गेलं, 'तैवान, पेंगहू, किनमेन आणि मात्सू यांचं स्वतंत्र जकात क्षेत्र' एवढं लांबलचक नाव लावून. आशियाई विकास बँकेचं तर ते संस्थापक सभासद. १९८६ मध्ये चीन आला आणि तैवानचं नाव झालं 'तैपेई,चीन'. स्वल्पविरामानंतर जागा न सोडता! लेकीला बँकेचा कुठलाही अहवाल उघडून बघू दे. असल्या स्वल्पविरामांवर महिनोन्‌महिने खल करणाऱ्यांना पगार मिळतो, हे यजमानांनाही सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेत मात्र उलटं झालं. २००९ ते २०१६ तैवान तिच्या वार्षिक सभेत निरीक्षक होतं, पण दरवर्षीच्या निमंत्रणावर. तैपेईत, म्हणजे तैवानच्या राजधानीत, त्साई इंग-वेन यांचं सरकार आलं, 'एक चीन'वर (तैवान चीनचाच भाग, या भूमिकेवर) बीजिंगशी बिनसलं आणि २०१७ पासून निमंत्रण बंद. कलमाने मिळालेली जागा टिकली, मर्जीने मिळालेली गेली.

त्यामुळे नुसतं आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करून भागणार नाही. व्यापार कायदा, सार्वजनिक आरोग्य किंवा विमान वाहतूक, यांतलं एक काहीतरी पक्कं हवं. जोडीला मँडरिन, म्हणजे चिनी भाषा. आपल्याकडचे बहुतेक वर्ग चीनमधली सोपी केलेली लिपी शिकवतात, तैवानात पारंपरिक चालते. हे क्लासची फी भरण्याआधी विचारा. तैवान सरकारची भाषेसाठी 'हुआयू' शिष्यवृत्ती आहे, पदवीसाठी वेगळी. त्यांचं मुंबईतलं कार्यालय २०२४ मध्ये सुरू झालंय, चौकशीला दिल्ली गाठायला नको.

नोकऱ्या थोड्याच, पण आहेत : अभ्याससंस्था, व्यापार कायद्याच्या फर्म, तैवानी कंपन्या, प्रतिनिधी कार्यालयांतले स्थानिक कर्मचारी. बैठकीत तैवानच्या वतीने तैवानी अधिकारीच बोलणार. हिच्या वाट्याला येईल ते टिपणं आणि मसुद्यांचं काम. यूपीएससीतून परराष्ट्र सेवेत गेली, तर भारत सरकारची भूमिका तीच तिची भूमिका. हे तिच्याशी आत्ताच बोला.

या सुट्टीत तिला ते बारावं कलम वाचून त्यावर मराठीत एक पान लिहायला सांगा. कंटाळली नाही, तर पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.